येथे हातोडी आणू नये

उत्कर्षा मॅडमनी टेबलावरची मखमली डबी उघडली आणि आतली चांदीचा मुलामा दिलेली हातोडी पाहून एहसान शिकलगार दोन पावले मागे सरकला.

“कशी आहे?” मॅडमनी विचारले. त्या कंपनीच्या एचआर. “पुण्यातून खास करून आणलीय. मुठीला लाल रिबन बांधणारे.”

“छान आहे. पण कशाला?”

“कशाला म्हणजे? चेअरमनसाहेबांच्या शुभहस्ते रोटरचं शेवटचं पातं बसवायचंय ना!”

“मॅडम, आपण ज्या पद्धतीचं उद्घाटन करतोय तिचं नाव काय?”

“हॅमरलेस असेंब्ली,” मॅडम एका दमात म्हणाल्या. “बॅनरवर टाकलंय मी. चांगलं मोठ्या अक्षरात.”

आता या बाईंना काय सांगायचे? एहसान तसाच आपल्या डिपार्टमेंटकडे आला. तिथे दारावर त्याने स्वतः लावलेली पाटी होती : ‘येथे हातोडी आणू नये.’

निघोजे गावातली ही कंपनी साखर कारखान्यांच्या वाफेच्या टर्बाइनचे रोटर दुरुस्त करायची. रोटर म्हणजे एक जाडजूड पोलादी दांडा, त्यावर चकत्या, आणि चकत्यांच्या कडेने तळहाताएवढी पाती, प्रत्येकाचे मूळ आपापल्या खाचेत घट्ट बसवलेले. गळीत हंगाम सुरू झाला की वाफ या पात्यांवर आदळते, रोटर फिरतो, कारखान्याला वीज मिळते. लक्ष्मणराव ज्या कारखान्याचे चेअरमन होते, तिथला रोटर मात्र लागोपाठ दोन हंगाम मध्येच निकामी झाला होता. एक पाते तुटायचे आणि जाताना शेजारच्या चार-सहांना घेऊन जायचे. मग कारखाना बंद, ऊस ट्रॉल्यांत वाळतोय आणि फोनवर चेअरमनसाहेबांच्या शिव्या.

मालक यशवंतराव शिव्या देत नसत. ते शांतपणे बोलत, ते जास्त वाईट. “शिकलगार, तिसऱ्यांदा हा रोटर परत आला तर तुमचं डिपार्टमेंट बंद. तिथं मी गाड्यांच्या पार्टची मशिनं टाकतो. तुम्ही तुमचं बघा, फिटर पोरांनी त्यांचं बघावं.”

एहसानने वर्षभर त्या तुटक्या पात्यांचा पिच्छा पुरवला. दोष पोलादात नव्हता, वाफेतही नव्हता. पाते खाचेत जाईना की फिटर हातोडीने हाणायचे. त्या घावाने मुळाशी केसाएवढी खोच पडायची, तिथूनच पुढे चीर धरायची. मग त्याने मुळाच्या कडा गोल करून घेतल्या, पोलादी छर्ऱ्यांचा मारा करून त्यांचा वरचा थर चिवट केला आणि पाते न ठोकता हळूहळू आत ढकलणारा एक स्क्रूचा साचा बनवला. बिरूने त्याचे नाव ठेवले गोगलगाय.

बिरू हा निघोज्याचाच, डिपार्टमेंटचा जुना फिटर. उभा जन्म हातोडी मारण्यात गेलेला. ती सुटताना त्याला फार जड गेले होते. चांदीच्या हातोडीची बातमी ऐकून त्याने हातातला पाना खाली ठेवला.

“म्हंजी आमची हातोडी काडून घेतली आन् त्येंना चांदीची दिली व्हय?”

एहसान तडक यशवंतरावांच्या केबिनमध्ये गेला. “सर, चेअरमनसाहेबांना गोगलगायीचा दांडा फिरवू दे. तोच तर आपला शोध आहे.”

“आणि फोटो कसा दिसेल? चेअरमन पंक्चरला जॅक लावतायत असा?”

“पण सर, एका घावानं…”

“अहो, घाव कुठला? टेकवतील नुसती. फोटोपुरती. शिकलगार, पात्यांचं तुम्हाला कळतं, माणसांचं मला कळतं.”

बसलेल्या पात्यावर हातोडी नुसती टेकवायची, असे ठरले. एहसानने मनाची समजूत घातली की एक पाते गेले तर गेले, जास्तीची पाती करून ठेवलेली आहेतच.

कार्यक्रमाच्या दिवशी चेअरमन लक्ष्मणराव आले ते तीन गाड्या घेऊन. सोबत उपाध्यक्ष ज्ञानदेव होते, कार्यकारी संचालक होते. चेअरमन आणि उपाध्यक्ष एकाच कारखान्यातले, पण गट वेगळे. रोटरला हार घातला, नारळ फुटला आणि उपाध्यक्षांनी उत्कर्षा मॅडमना हळूच विचारले, “आमच्याकडे काय दिलंय?”

“सर, तुमच्या हस्ते नारळ झाला ना आत्ता.”

“मागच्या वेळीबी नारळच दिला होता आम्हाला.”

मॅडमचा चेहरा पडला. त्या धावत एहसानकडे आल्या. “सर, अजून एक पातं आहे का हो बसवायचं?”

“नाही. सगळी बसलीत.”

“मग एखादं जरा बाहेर काढून ठेवा ना, प्लीज!”

एक बाहेर काढले. मग संचालक म्हणाले की दोघांना आहे तर मला का नाही. तिघांना झाले म्हटल्यावर यजमानांनी कोरडे राहणे बरे दिसेना, म्हणून यशवंतराव स्वतः. आणि यशवंतरावांनी घेतले तर त्यांच्या मातोश्री रतनबाई पहिल्या रांगेत शालू नेसून काय उगाच बसल्या होत्या? बिरू दात-ओठ खात एकेक पाते अर्ध्यापर्यंत बाहेर काढत होता. वर्षभराची मेहनत अशी ओळीने बाहेर डोकावत उभी राहिली.

लक्ष्मणराव तरुणपणी तालमीतले. हातोडी टेकवणे हा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. त्यांनी बाही मागे सारली आणि असा दणका दिला की हारातल्या पाकळ्या खाली पडल्या.

“साहेब, परत एकदा,” फोटोग्राफर म्हणाला. “डोळे मिटले होते.”

साहेबांनी परत एकदा दिला. उपाध्यक्षांना चेअरमनपेक्षा कमी जोराने मारणे राजकीयदृष्ट्या शक्यच नव्हते. संचालकांच्या वेळी फ्लॅश उडाला नाही. यशवंतराव एहसानकडे बघत हळू मारायला गेले, तर मागून कोणीतरी म्हणाले, “मालक, जेवला न्हाई का?” मग त्यांनीही जोर लावला. रतनबाईंना मात्र जोर नव्हता. “मला काय येतंय बाबा ह्यातलं,” म्हणत त्यांनी मारली ती तिरकी, सरळ पात्याच्या धारेवर.

प्रत्येक ठोक्याला टाळ्या पडत होत्या. मागे बॅनरवर लिहिले होते ‘हॅमरलेस असेंब्ली’. एवढ्या माणसांत एकालाही हसू आले नाही. एहसानला रडू येत होते, पण तेही कार्यक्रमपत्रिकेत नव्हते.

शेवटी लक्ष्मणरावांनी फर्मान सोडले, “आमच्या पात्यांवर आमची नावं घाला. हंगाम झाल्यावर मी बघायला येणार.” विजेच्या लेखणीने पाच पात्यांवर पाच नावे कोरली गेली. ठोकून उरलेली जागा अशी कोरून खराब झाली.

गुरुवारी कंपनीला सुट्टी. एहसान आणि बिरू दोघेच आले. मान्यवरांची पाचही पाती त्यांनी बाहेर काढली. चौघांच्या पात्यांच्या मुळाशी नखाला लागेल अशी खोच होती, रतनबाईंच्या पात्याच्या धारेवर. वजनाला वजन जुळवून जास्तीची पाच पाती गोगलगायीने हळूहळू आत बसवली, रोटर पुन्हा तोलून पाहिला. जास्तीची तेवढीच होती, ती संपली.

“ही भंगारात टाकू का?” बिरूने विचारले.

भंगाराच्या चिठ्ठीवर कारण लिहावे लागते. तडा, चुकीचे माप, हातातून पडले, अशी कारणे छापलेली असतात. मान्यवर असे कारण छापलेले नव्हते. आणि चेअरमनचे नाव कोरलेले पाते भंगारात सापडले असते तर भंगारात एहसानच गेला असता. त्याने पाची पाती फडक्यात गुंडाळून आपल्या खणात ठेवली.

रोटर गेला, हंगाम लागला. थेरगावच्या घरी एहसानचे जेवण फोनकडे बघत होऊ लागले. कारखान्याचा नंबर दिसला की त्याच्या हातातला घास तसाच राही. कधी बिलाची चौकशी असे, कधी चुकून लागलेला फोन.

“अहो, हंगाम त्यांचा आणि रोजे तुमचे का?” त्याची बायको बिल्किस वैतागून म्हणाली. “पाती चांगली बसवलीत ना? मग देवाला करू द्या की त्याचं काम.”

“पाती चांगली बसवलीत गं. कुणाला सांगता येत नाही एवढंच.”

फोन आलाच नाही. अख्खा हंगाम रोटर एकदाही न थांबता फिरला. शेवटचा ऊस गाळला गेला, आणि मग लक्ष्मणरावांचा निरोप आला : टर्बाइन उघडतोय, माझे पाते बघायला येतोय, सगळे या.

जाताना एहसानने फडक्यातली पाती पिशवीत घातली. त्याने ठरवूनच टाकले होते. आता भ्यायचे कशाला? रोटर टिकला होता. आता खोच दाखवायची आणि स्पष्ट सांगायचे की साहेब, तुमच्या हातोडीने हे होते, आणि माझ्या पद्धतीने ते होते. हंगामभर कोंडलेले एकदाचे बाहेर पडू दे.

टर्बाइनचे झाकण निघाले. वाफेने काळवंडलेली पाती ओळीने धडधाकट उभी होती. लक्ष्मणराव चष्मा लावून वाकले, सगळीकडे फिरून आले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“माझं नाव कुठंय?”

यशवंतरावांनी एहसानकडे पाहिले. एहसान पुढे झाला, त्याने पिशवीतून पाते काढले. “साहेब, हे तुमचं पातं. हे आम्ही काढून…”

“काढून दाखवायला आणलं! वा रे पठ्ठ्या!” लक्ष्मणरावांनी ते त्याच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतले आणि सगळ्यांसमोर उंच धरले. “बघा, बघा! एवढा हंगाम वाफ खाल्ली, पण नाव तसंच्या तसं! बाकीची बघा कशी काळी पडलीत, आणि हे? कालच बसवल्यागत! ज्ञानदेवराव, तुमचंबी हाय की! संचालक, घ्या तुमचं! अहो, हाताचा गुण असतो, हाताचा!”

झाकण आत्ताच निघाले होते आणि ओळीत एकही खाच रिकामी नव्हती, हे कोणाच्या ध्यानातच आले नाही. उपाध्यक्ष आणि चेअरमन त्या दिवशी पहिल्यांदाच एकमेकांकडे बघून हसले.

“साहेब, ऐका,” एहसान म्हणाला, “हे पातं एक दिवससुद्धा…”

यशवंतरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बाहेरून तो शाबासकीचा दिसत होता. त्यांची बोटे मात्र खांद्यात रुतली होती. त्यांना सगळे समजले होते. ते कानाशी बोलले, नेहमीसारखे शांतपणे. “साहेब आणखी चार कारखान्यांचे रोटर आपल्याला देतायत. वाक्य पुरं केलंत तर डिपार्टमेंट आजच बंद.”

एहसानला डिपार्टमेंटमधली पोरे आठवली, बिरू आठवला. त्याने उरलेले वाक्य गिळले. मग पिशवीतली उरलेली पातीही काढून दिली.

महिन्याभरात ती पाच पाती कंपनीच्या रिसेप्शनला काचेच्या पेटीत जाऊन बसली. खाली पाटी : ‘टिकाऊपणाचा पुरावा’. मग कामाच्या लेखी पद्धतीत एक नवीन पायरी आली, की प्रत्येक रोटरची शेवटची पाती मान्यवरांच्या हस्ते हातोडीने बसवावीत. एहसानच्या दारावरची पाटी उत्कर्षा मॅडमनी स्वतः उतरवून घेतली. “सर, गेस्टना ती निगेटिव्ह वाटते हो.”

आणि वर्षाची मोजदाद झाल्यावर एहसानला मेमो आला. स्टोअरमधली जास्तीची पाच पाती गायब होती, त्याचा लेखी खुलासा द्यावा. सही यशवंतरावांची.

मेमो घेऊन तो केबिनमध्ये गेला. “सर, ती पाती कुठे आहेत हे तुम्हाला माहितीये.”

“मला माहितीये हो. पण कागदाला नको का माहिती? फॉर्मॅलिटी आहे. लिहा, निष्काळजीपणामुळे गहाळ झाली. आणि हो, यापुढे जास्तीची पाती बनवायची नाहीत. आपली पाती टिकतात म्हटल्यावर कशाला उगाच?”

“हे लिवनार तुमी?” बिरूने बाहेर विचारले.

“लिहिलं,” एहसान म्हणाला.

पुढच्या रोटरचा कार्यक्रम आणखी मोठा झाला. मांडव पडला, हातोडीही थोरली आणली होती. मान्यवर एकापाठोपाठ एक ठोकत होते, फोटोग्राफर परत एकदा म्हणत होता आणि एहसान मागे खांबाला टेकून उभा होता. प्रत्येक घाव त्याला मोजता येत होता, म्हणून त्याने मोजणे सोडून दिले. एवढ्यात लक्ष्मणरावांनी माइक घेतला.

“या सगळ्यात एका माणसाला आपण विसरलो! शिकलगार, या इकडं. एक पातं तुमच्या हातचं!”

टाळ्या पडल्या. कोणीतरी त्याला पुढे ढकलले, हातोडी त्याच्या हातात आली. समोर अर्धे बाहेर काढलेले पाते होते. त्याच्या मुळाच्या कडा त्याने स्वतः बोटाने चाचपून पास केल्या होत्या. बिरू पलीकडे गोगलगायीवर हात ठेवून उभा होता आणि मान हलवून नको नको म्हणत होता.

एहसानने हातोडी खांद्यापर्यंत उचलली आणि त्या दिवशी कोणीच मारला नव्हता इतक्या जोराने घाव घातला. पहिलवान लक्ष्मणरावसुद्धा दचकले. मांडव टाळ्यांनी दणाणला. बिरूने तोंड फिरवले.

“सर,” फोटोग्राफर म्हणाला, “तुम्ही हसला नाहीत. परत एकदा.”

एहसान हसला, आणि त्याने परत एकदा हाणला.