तारेतल्या उजेडाचा नमुना

प्रभाकररावांनी बोरगाव मेघेचा प्लॉट विकला आणि आलेल्या पैशाचं काय करायचं यावरून घरात दोन पक्ष पडले. त्यांना शेअर घ्यायचे होते, प्रमिलाबाईंना सिंदी मेघेत दुसरा प्लॉट. शेवटी तह झाला. आज साडेतीनला शेअर बाजार बंद व्हायच्या आत घेतले तर शेअर, नाहीतर प्लॉट.

आर्वीत शेअरचं दुकान त्यांच्या भाच्याचं, पियुषचं.

"मामाजी, डोळे मिटून घ्या. घरोघरी ब्रॉडबँड येऊन राह्यलं. त्या काचेच्या तारेच्या दोन्ही टोकाले जे मशीन लागते, ते हे कंपनी बनवते."

"पण तारेतून जाते काय?"

"उजेड."

"भर दिवसा उजेड कोण इकत घेते, बाप्पा?"

"सारेच!"

प्रभाकररावांचा जन्म कापसाच्या व्यापारात गेलेला. गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा, आतला कापूस ओढायचा, चिमटीत ताणून धागा बघायचा, मगच भाव बोलायचा. नमुना न पाहता त्यांनी आजवर काही घेतलं नव्हतं. एसटी डेपोसमोर खणलेल्या खड्ड्यात त्याच काचेच्या तारेची केबल दुरुस्तीसाठी सोलून ठेवलेली होती आणि जोडणारा माणूस चहाला गेला होता. प्रभाकरराव खड्ड्याशी उकिडवे बसले, केसाहून बारीक धागा चिमटीत धरला आणि ताणला. तुटला. एका धाग्यावरून सगळ्या मालाला नावं ठेवणं बरं नव्हे, म्हणून त्यांनी मधून चांगला मूठभर ओढला.

बघता बघता बँकेतली रांग रस्त्यावर आली. नेट कॅफे रिकामा झाला. फोनच्या बूथमधला एक गृहस्थ रिसीव्हरला शिव्या देऊ लागला. प्रभाकरराव कुतूहलानं पुढे झाले.

"तुझं काय अडलं, पोरी?"

"नेट गेलं न जी! फॉर्मची आज शेवटची तारीख हाये!" नेट कॅफेतून बाहेर पडलेली जागृती रडकुंडीला आली होती.

"आन् तुमचं?" त्यांनी बँकेच्या रांगेतल्या एकाला विचारलं.

"पैसे निघून नाई राह्यले!"

कापसाच्या टंचाईतही त्यांनी अशी मागणी पाहिली नव्हती. ते धापा टाकत दुकानात शिरले.

"पियुष, घे! साऱ्या पैशाचे घे! अख्खी आर्वी उजेडासाठी बोंबलून राह्यली!"

पियुष डोक्याला हात लावून बंद पडलेल्या स्क्रीनसमोर बसला होता.

"घेऊ कसा, मामाजी? कोणंतरी लाइनच तोडली."

प्रभाकररावांनी मूठ हळूच खिशात घातली.

साडेतीनला प्रमिलाबाई प्लॉटच्या दलालाला, नत्थूला, घेऊन दारात हजर.

"झाली का खरेदी?"

"मागणी लय हाये," प्रभाकरराव म्हणाले, "माल नाई भेटला."