शकुनाचं पाणी

"अपघात होत नसतात, वेंधळे लोक ते करतात!" हे ओग्न्यान त्सान्कोवचं लाडकं वाक्य. शाम्पूच्या कारखान्यात सुरक्षेची जबाबदारी त्याची. फाटकाजवळच्या फळ्यावर 'अपघाताविना ९९९ दिवस' हा आकडा त्यानंच मोठ्या दिमाखात लिहिला होता. आज निरीक्षकबाई प्लोव्दिवहून येणार, हजारावा दिवस स्वतः तपासणार आणि मग अख्ख्या कारखान्याला आठवडाभर समुद्रकिनाऱ्यावर सहल! काही जणांनी तर पोहायचे कपडेसुद्धा घेऊन ठेवले होते.

नेमकं आजच गोदामाच्या दारात फेसाच्या अर्काचं पिंप गळलं. चांगला परातभर चिकट लगदा!

"पाण्याचा थेंब पडता कामा नये!" ओग्न्यान गरजला. "भुसा टाकायचा, फावड्यानं खरवडायचं. पाणी पडलं की घसरगुंडी! आणि डोळ्यात गेलं तर डोळ्याचं वाटोळं! कळलं?"

"पाच वर्षं हेच ऐकतेय रे बाबा," साफसफाईवाली त्स्वेताना मावशी म्हणाली.

लगदा उचलला गेला. खाली पातळसा थर राहिला, तेवढ्यात फाटकात गाडी वाजली. उरलेलं नंतर बघू म्हणत ओग्न्यानने डोळ्यांवरचा सुरक्षेचा चष्मा काढला, केसांवरून कंगवा फिरवला आणि तो निघाला.

मावशीनं तांब्याभर पाणी त्याच्या पुढ्यात उंबऱ्यावर ओतलं.

"जा बाळा, सगळं सुरळीत होऊ दे!"

ओग्न्यानचा पाय पडला मात्र, तो घसरत सुटला! वाटेत गोदामवाल्या मानोलला धरायला गेला, त्यालाही आडवा केला आणि थेट तोवर आत आलेल्या निरीक्षकबाईंच्या बुटांपाशी जाऊन थांबला.

"अगं मावशी, पाणी नको म्हटलं होतं ना!"

"पुसायला नको म्हणालास! हे शकुनाचं होतं, कामाला निघालेल्याच्या वाटेत ओततात ते. माझी पोरगी परीक्षेला निघाली तेव्हाही ओतलं होतं, पास झाली!"

मानोल बिचारा मदतीला धावला. त्यानं काय करावं? पाण्याचा पाइपच सोडला! ओग्न्यान "नको, नको!" ओरडेपर्यंत फेस गुडघ्यापर्यंत आला होता आणि त्याच्या दोन्ही डोळ्यांत गेला होता.

निरीक्षकबाईंनी त्याला मानगूट धरून डोळे धुवायच्या नळाखाली वाकवलं. पंधरा मिनिटं! तेवढ्या वेळात त्यांनी अपघाताचा अहवालही भरायला घेतला.

"जखमी माणसाला प्रशिक्षण दिलं होतं?"

"हो," नळाखालून आवाज आला.

"कोणी?"

"मीच."

"चष्मा का नव्हता?"

"केस विस्कटतात, बाई."

बाईंनी तेही लिहून घेतलं. डोळे वाचले, पण समुद्र गेला. पोहायचे कपडे परत घ्यायला दुकानदार तयार होईना आणि दिवसभर कुणी ओग्न्यानशी बोलेना. त्याला खरोखरच फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी लालभडक डोळ्यांनी तो फळ्यावर '१' लिहायला निघाला. दारात मावशी भरलेला तांब्या घेऊन उभी होती.

ओग्न्यान खिडकीतून गेला.