माजी राष्ट्राध्यक्षांनी स्वतःचं स्मारक मंजूर केलं, त्याची हकिकत

राष्ट्र कितीही मोठं असो, सहीसाठी कागदावर जागा दोन बोटांचीच असते.

दाताच्या दवाखान्यात खुर्चीवर बसलेला माणूस तोंड उघडतो, पण बोलू शकत नाही.

पक्षात तीन बडे नेते होते आणि तिघांचं एकमेकांशी बोलणं बंद होतं.

या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही असं वाटेल. पण त्यांच्या बेरजेला हा देश अकरा वर्षं राष्ट्राध्यक्ष म्हणत होता. मूळचे ते दंतवैद्य. तिन्ही नेत्यांच्या दाढा त्यांनीच उपटलेल्या, त्यामुळे तिघांनाही त्यांची सारखीच भीती वाटे. (याला सर्वसहमती म्हणतात.) शिवाय समोरच्याला बोलता येत नसताना त्याच्याशी गप्पा मारण्याचा त्यांना वीस वर्षांचा अनुभव होता.

कारकीर्द दैदीप्यमान झाली. सह्या एक्केचाळीस हजार. उद्घाटनं नऊशे, त्यांतल्या एका पुलाचं दोनदा, कारण पहिल्या खेपेला पूल नव्हता. वाचलेले कागद दोन: एक डोळे तपासायचा तक्ता, दुसरा स्वतःचा राजीनामा. तो नेहमीच्या गठ्ठ्यातच आला होता आणि त्यांनी तो सही झाल्यावर वाचला.

निवृत्तीनंतर एक दिवस नोटीस आली. स्मारक कायदा, कलम सात: माजी राष्ट्राध्यक्षांचं राहतं घर हेच त्यांचं स्मारक; स्मारकात कोणीही राहू नये. कायद्याखालची सही ओळखीची होती.

"अहो, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, एवढंच उरलंय आपलं," बायको म्हणाली. "आज शेवटची तारीख आहे. जा आणि हरकत नोंदवा. पण वाचल्याशिवाय कशावर सही करू नका."

"अगं, मी काय लहान आहे?"

"लहान मूल निदान चित्रं तरी बघतं."

खिडकी क्रमांक चारवर ते तासभर रांगेत उभे राहिले. खिडकीतल्या बाईंनी नोटीस उलटीसुलटी पाहिली.

"घर जातंय हो माझं," ते म्हणाले.

"कायद्यानेच जातंय, आजोबा. सही पण किती सुरेख आहे बघा."

त्यांना जरा बरं वाटलं.

बाईंनी नऊ पानांचा फॉर्म सरकवला. "शेवटच्या पानावर सही."

त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला लागले. पहिल्या पानावर 'सदरहू' सात वेळा होतं. दुसऱ्या पानावर त्यांना कळलं की 'अर्जदार' म्हणजे आपणच. तिसरं पान त्यांना चक्क आवडलं. इतकी वर्षं लोक आपल्याकडे काय काय पाठवत होते, याबद्दल त्यांना प्रथमच कुतूहल वाटलं.

"आजोबा, वाचनालय समोर आहे," मागून कोणीतरी म्हणालं.

"अहो, आम्ही काय इथे मुक्कामाला आलोय?" रांगेतून दुसरा ओरडला.

"कोणी वाचतं का ते? सगळे डोळे मिटून सही करतात."

ते चौथं पान वाचत राहिले. मग एक मावशी हळहळून म्हणाल्या, "चांगले शिकलेले दिसतात हो, पण साधी सही जमत नाही बिचाऱ्यांना."

हे मात्र वर्मी लागलं. त्यांनी सही केली. सफाईदार, एका झटक्यात, खाली दोन ठिपके देऊन. रांगेने समाधानाचा सुस्कारा सोडला.

आठव्या पानावर दोन चौकोन होते: 'हरकत आहे' आणि 'हरकत नाही'. (खूण न केल्यास हरकत नाही असं समजलं जाईल.) बाईंनी शिक्का मारला आणि स्वखुशीने घर दिल्याबद्दल शासनाच्या वतीने आभार मानले.

"वाचलंत?" बायकोने विचारलं.

"चार पानं."

"प्रगती आहे," ती म्हणाली आणि भांडी खोक्यात भरायला लागली.

स्मारकाच्या उद्घाटनाला प्रमुख पाहुणे म्हणून तेच होते. फीत त्यांनी एका झटक्यात कापली. मग बाकीच्यांबरोबर तेही पाच वाजता बाहेर पडले, कारण पाचला स्मारक बंद होतं.

त्यांच्या पहिल्या निवडणुकीच्या मतपत्रिकेवर नऊ नावं होती. त्यांचं सगळ्यांत वर होतं, आणि मतदानाच्या रांगेतल्या आपल्या सगळ्यांना घरी जायची घाई होती.