आप्पांचा बारावा राजीनामा

बसलिंगआप्पांनी पक्षाचा राजीनामा बारा वेळा दिला. त्यातले निदान नऊ मी स्वतःच्या हातानं झेरॉक्स केलेत, म्हणून छातीठोकपणे सांगतो. प्रत्येक राजीनामा चार पानी, प्रत्येकाच्या तीन प्रती आणि प्रत्येकाची सुरुवात ‘अत्यंत जड अंतःकरणाने’ अशी. एकदा मी म्हटलं, "आप्पा, पहिला परिच्छेद दर वेळी तोच असतो. तेवढा एकदम छापून ठेवू का?"

"मस्करी नका करू," आप्पा म्हणाले. "तत्त्वाचा सवाल हाय."

माझं दुकान लातूरच्या मार्केट यार्डासमोर आहे. रस्त्याच्या पलीकडे, पत्र्याच्या दोन खोल्यांत पक्षाचं तालुका कार्यालय. पक्ष कामकऱ्यांचा, निदान पाटी तरी तसं म्हणते. मला राजकारणातलं फारसं कळत नाही आणि कळावं अशी हौसही नाही. पण एकाच दाराकडे तोंड करून वीस वर्षं बसलं की माणूस नको ते शिकतो.

गंमत अशी, की त्या दाराची किल्ली आप्पांकडेच. सकाळी दहाच्या ठोक्याला दार उघडायचं, झाडून काढायचं, माठ भरायचा, शनिवारी झेंडा धुवायचा आणि आलेलं प्रत्येक पत्र आवक रजिस्टरात चढवायचं, ही सगळी कामं आप्पांची, आणि बिनपगारी. त्यामुळं व्हायचं काय, की आप्पा राजीनाम्याच्या प्रती घेऊन माझ्याकडून निघायचे, रस्ता ओलांडायचे, टेबलाच्या पलीकडे जाऊन बसायचे आणि स्वतःचा राजीनामा स्वतःच दाखल करून घ्यायचे. शिक्का मारायचे, आवक क्रमांक टाकायचे आणि शेऱ्याच्या रकान्यात वळणदार अक्षरात लिहायचे : ‘निर्णय प्रलंबित’. तालुका समितीच्या बैठकीत कोणते विषय घ्यायचे, ती यादीही तेच करत. तिच्यात हा विषय कधी आला नाही. मग पुढल्या राजीनाम्यात ‘मागील पत्रास उत्तर देण्याचे सौजन्यही पक्षाने दाखवले नाही’ अशी तक्रार असायची.

आप्पांनी जन्मभर यार्डात पोती वाहिली आणि वाहता वाहता हमालांची युनियन उभी केली. गळ्यात लाल मफलर आणि मफलरच्या आत इष्टलिंग. देव मानत नाहीत. कुणी छेडलं तर म्हणतात, "हे आईनं बांधलंय, देवानं न्हाई." बायको जाऊन सात वर्षं झाली, मुलगी देगलूरला दिलेली. यार्डामागच्या गल्लीत एक खोली आहे, तिथं ते झोपायला जातात.

पक्षावर त्यांचा राग खरा होता, हेही सांगितलं पाहिजे. एका आडत्याच्या दुकानापुढं हमालांनी अठरा दिवस संप केला, त्या संपाचे पुढारी आप्पा. आणि नगरसेवकपदाचं तिकीट पक्षानं दिलं त्या आडत्यालाच. म्हणून आप्पा महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एसटीनं निलंग्याला जात. तिथं पक्षातून बाहेर पडलेल्या कडव्या डाव्यांचा एक मंच आहे. मंचात माणसं सहा. पक्ष कसा विकला गेला, यावर दुपारभर चर्चा चालते.

एकदा मला निलंग्यातच लग्नाला जायचं होतं, तेव्हा मीही त्यांच्याबरोबर त्या चर्चेला बसलो. पहिला तासभर आप्पाच पक्षाची सालटी काढत होते. मग दुसरा एक जण म्हणाला, "तो पक्ष मेलाय, आता फक्त जाळायचा राहिलाय." आप्पा एकदम उठले.

"तोंड सांभाळून बोला. त्या पक्षानं हमालाला माणूस केलंय. तुमी काय केलंत, सांगा की?"

"आप्पा, आत्ता तुम्हीच तर..."

"मी बोलंन. मी आतला हाय. तुमी कामून बोलायलात?"

मंचातले लोक त्यांना पक्षाचा माणूस म्हणत, पक्षातले लोक मंचाचा. आप्पा दोन्हीकडे एकच वाक्य सांगत : "माझा मतभेद नोंदवून घ्या."

आडत्याच्या तिकिटावरून बारावा राजीनामा झाला. मंचानं बजावलं होतं, आता किंवा कधीच नाही. आप्पांनी नेहमीप्रमाणं आवक क्रमांक टाकला, शेरा लिहिला आणि माठ भरायला गेले.

पण पक्षाच्या नव्या तालुका सचिव वर्षाताई नुकत्याच आल्या होत्या. वकील बाई, कामाला चोख. त्यांनी असं काही केलं, जे त्या कार्यालयात कुणी कधी केलं नव्हतं. त्यांनी आवक रजिस्टर वाचलं. मग माझ्याकडे कसली तरी झेरॉक्स काढताना कळवळून म्हणाल्या, "एका ज्येष्ठ माणसानं बारा पत्रं लिहिली आणि आपण एकालाही उत्तर दिलं नाही. हा त्यांचा अपमान नाही का? या बैठकीची यादी मीच करते." मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी टोनरची बाटली शोधत बसलो.

चार दिवसांनी आप्पा एक कागद घेऊन आले. "ऑफिस कॉपी काढा, एक."

कागदावर लिहिलं होतं, की आपल्या भावनांचा आदर राखून आपला राजीनामा समिती सर्वानुमते स्वीकारत आहे. आजवरच्या सेवेबद्दल आभार. कार्यालयाची किल्ली जमा करावी.

"आप्पा, हे तर तुम्हालाच आलंय."

"हाव. वाचलंय मी. जावक क्रमांक टाकलाय, बघा."

खरंच टाकला होता. पाकिटही त्यांनीच तयार केलं होतं. वर स्वतःचं नाव, खाली पत्ता त्याच कार्यालयाचा. "माझी समदी पत्रं हितंच येतात," ते म्हणाले. पाकीट घेऊन ते पलीकडे गेले, ते स्वतःलाच पोचतं केलं, पोच म्हणून सही केली, किल्ली टेबलावर ठेवली आणि बाहेर आले. मी दुकानातून सगळं बघत होतो. मला वाईट वाटलं. आडवळणानं कशाला सांगू?

निलंग्याच्या मंचानं सत्कार ठेवला. आता मोकळेपणानं बोला, म्हणाले. आप्पा अर्धा तास बोलले : कार्यालयाचे पत्रे कुणी कुणी खांद्यावरून आणले, आणि संपात त्यांच्या बायकोनं रोज किती जणींना घेऊन भाकरी थापल्या. पक्षाविरुद्ध एक अक्षर नाही. सत्कार करणारे हिरमुसले. पुढं निवडणुकीत आडत्याही पडला, मंचाचा उमेदवारही पडला, आणि आप्पांनी मत कुणाला दिलं ते त्यांनी मला सांगितलं नाही.

सकाळी दहाला आता ते माझ्या बाकावर येऊन बसायला लागले. समोरचं दार कधी अकराला उघडे, कधी बाराला. "साडेधा झाले," आप्पा म्हणत. थोड्या वेळानं, "झेंडा दोन शनिवार झाले धुतला न्हाई." मी चहा मागवी. ते पीत, पण नजर दारावर.

असे तीन आठवडे गेले. मग एका सोमवारी त्यांनी खिशातून घडी घातलेला छापील कागद काढला. मला वाटलं, आता मंचाचा राजीनामा. बघतो तर पक्षाच्या नव्या सभासदत्वाचा अर्ज! सगळं भरलं होतं, एक ओळ सोडून : ‘पूर्वी सभासद होता काय? असल्यास पक्ष का सोडला?’

"हितं काय लिहावं म्हणता?" बारा वेळा चार चार पानं लिहिणारा माणूस मला विचारत होता.

"चुकून, असं लिहा."

त्यांनी अर्ज पुन्हा स्वतःकडे ओढला. "न्हाई. चुकून न्हाई. तत्त्वाचा सवाल हाय." मग माझाच पेन घेऊन लिहिलं : ‘मतभेद होते. अजून आहेत.’

द्यायला जाताना मात्र त्यांचे पाय अडले. म्हणून अर्ज घेऊन मी पलीकडे गेलो. वर्षाताईंनी ती ओळ वाचली, पुन्हा वाचली आणि खिडकीतून माझ्या बाकाकडे पाहिलं. "याची आवक नोंद करावी लागेल," त्या हळूच म्हणाल्या. "पण रजिस्टर आता कुठंय? मी वाचलं तेव्हा टेबलावर होतं. तीन आठवडे इथं एकही नोंद झालेली नाही."

मी दारातून ओरडलो, "आप्पा, आवक रजिस्टर कुठंय?"

"कपाटात! वरच्या कप्प्यात, मागं!" आप्पा उभे राहिले. "थांबा, तुमाला न्हाई गावायचं!"

आणि ते रस्ता ओलांडून आले. रजिस्टर काढलं, बाहीनं धूळ पुसली, स्वतःच्या अर्जावर शिक्का मारला, क्रमांक टाकला. शेऱ्याच्या रकान्यापाशी हात थांबला. त्यांनी वर्षाताईंकडे पाहिलं.

"लिहा ना, नेहमीचं," त्या म्हणाल्या.

आप्पांनी लिहिलं : ‘निर्णय प्रलंबित’.

"म्हंजी निकाल लागंस्तवर मला रोज चौकशीला यावं लागंल," ते म्हणाले.

"दहाला या," वर्षाताई म्हणाल्या आणि किल्ली त्यांच्यापुढं सरकवली. "मला तेवढ्या लवकर जमत नाही."

याला आता आठ महिने झाले. अर्जाचा विषय अजून एकाही बैठकीत आलेला नाही, कारण विषयांची यादी पुन्हा आप्पाच करतात.