पंगतीत अडकलेल्या टाचा

सकाळी वामनरावांनी खाटेवरून पाय खाली टेकवला की अशी आरोळी निघायची, की आधी शेजारी उठायचे आणि मग कोंबडा. उजव्या टाचेत बाभळीचा काटा मोडल्यासारखं व्हायचं, आणि शोधावं तर काटा नाहीच! अंगणात चार फेऱ्या मारल्या की दुखणं गुल. बसून उठले की पुन्हा "अयायायाय!"

अमरावतीच्या डॉक्टरनं समजावलं होतं, "तळव्याखालचा पट्टा टाचेपाशी दुखावलाय. बसलं-झोपलं की आखडतो, चाललं की सैलावतो. उठण्याआधी पंचा पावलात अडकवून बोटं अंगाकडे ओढा, तळव्याखाली गोल काहीतरी फिरवा, अनवाणी हिंडू नका. आणि धीर धरा." घरात गोल म्हणजे लाटणं. ते पायाखाली गेलेलं पाहताच त्यांच्या पत्नी पार्बताबाई कडाडल्या, "माह्या पोळीचं लाटनं पायाखाली? लाज नाई वाटत?" झालं, डॉक्टरची विद्या चुलीपाशीच संपली.

वामनरावांच्या मते खरं औषध घरातच होतं. मुलगी शकुन पायाळू होती, म्हणजे पायांकडून जन्मलेली. पायाळूची लाथ बसली की उसण पळते, हे अख्ख्या वऱ्हाडाला ठाऊक. पण पायाळूवर वीज पडते असंही लोक म्हणतात, आणि तेवढ्यापायी शकुनची स्थळं परत गेली होती. तेव्हापासून पार्बताबाईंनी तो शब्दच घरात बंद केला होता. आता अकोल्याहून खुशालराव आपल्या मुलासाठी, गोवर्धनसाठी, तिला पाहायला येणार होते. हे स्थळ गेलं तर पुढं कोण येणार, या काळजीनं बाईंचा जीव टांगणीला लागला होता.

"त्यायच्यासमोर लंगडू नका," त्यांनी नवऱ्याला बजावलं. "म्हनतीन, घरान्यातच खोट हाये."

"मंग मी बसतच नाई! बसलो नाई तं उठाचं कायले?"

खुशालराव बैलांच्या दमणीतून उतरले, चाक धरून जरा थबकले, तोच वामनरावांनी त्यांना गाठलं. "चला, आधी संत्र्याचा बगीचा पाहू."

"चला नं! बसून बसून कटायलो बापा."

दोघांनी बगीचा पाहिला, विहीर पाहिली, गोठा पाहिला, मग पुन्हा बगीचा पाहिला. पार्बताबाईंचे भाऊ नत्थुजी बोलवायला गेले, "भाऊजी, चहा उकळू उकळू काळा झाला." त्यांनाही दोघांनी फेरीत ओढलं. पाहुणे बसत नाहीत हे बघून पार्बताबाईंनी देवाला नारळ बोलला.

शेवटी पानं वाढली आणि बसणं आलंच. जेवणं झाली. आता उठायचं. पण पाहुण्याआधी यजमान कसा उठणार?

"उठा नं, खुशालराव."

"तुमी मोठे. तुमी उठा आधी."

"पावन्याचा मान हाये!"

"मान गेला उडत. आनखी थोडी कढी वाढा मले."

कढी आली, संपली. पुन्हा तेच. हे दोघे उठेनात म्हणून पंगतीतलं कोणीच उठेना. उष्टे हात वाळून खडखडीत झाले. नत्थुजींनी आठ भाकरी हाणल्या होत्या, आणि त्यांना बाहेर जायची भलतीच घाई लागली होती.

"अरे, उठा नं कोनी बापा!" असं ओरडत त्यांनी मेहुण्याच्या काखेत हात घातला आणि उचललंच.

"अयायायाय!" वामनराव कोलमडले आणि आधाराला त्यांनी खुशालरावांचा खांदा धरला. ते ओढले जाऊन उभे राहिले आणि त्याहून मोठ्यानं किंचाळले, "मेलो वो माय!"

दोघंही उजवी टाच धरून एकमेकांकडे बघत राहिले.

"तुमाले बी?"

"सकाळी लय?"

"सकाळी तं जीवच जाते! म्हनून तं फिरून रायलो होतो!" खुशालराव कण्हले.

आनंदानं वामनरावांचं भान सुटलं. "अवो, औषध घरातच हाये! आमची शकुन पायाळू..."

त्यांनी जीभ चावली. पार्बताबाईंच्या हातातलं कढीचं भांडं खाली पडलं.

खुशालरावांनी शकुनकडे पाहिलं. "पायाळू हायेस, पोरी?"

"हो," शकुन सरळ म्हणाली. "आतापर्यंत तं वीज काई पडली नाई."

"मंग पाह्यतं काय? हान लाथ!"

"पावन्याले?"

"पावना मरून रायला नं इथी!"

शकुननं पदर खोचला आणि टाचेवर अशी हाणली, की खुशालराव अंगणापर्यंत तीन उड्या मारत गेले. तिथं त्यांनी चार फेऱ्या मारल्या. दुखणं गुल! चाललं की ते सैलावतं, हे डॉक्टरचं बोलणं वामनरावांना आठवलं. पण तोंड उघडायला ते काय वेडे होते?

"सोयरीक पक्की!" खुशालराव गरजले. "अशी सून आख्ख्या अकोल्यात नाई!" पार्बताबाई ढसाढसा रडल्या आणि हसल्याही.

वामनरावांनी हळूच आपला पाय पुढं केला. "शकुन, मले बी एक..."

"थांबा!" खुशालराव आडवे आले. "बापाले लाथ मारते का कोनी? पाप लागन. अन् थे आता आमची सून हाये!"

वामनराव मटकन खाली बसले. पार्बताबाई मुकाट्यानं आत गेल्या आणि पोळीचं लाटणं आणून त्यांनी नवऱ्याच्या पायाशी ठेवलं.

"घ्या," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "मी नवं आनीन."