हौदातली ती

सासऱ्यांच्या जागी जलशुद्धीकरण केंद्रावर रुजू होताना जावईबापूंनी घरात जाहीर केलं, "वाळूतून पाणी गाळायचं, त्यात कसली आलीय विद्या? चहा गाळण्यासारखंच ते." घरात चहा बायकोच गाळत होती.

काम दिसायला सोपंच होतं. दोन उघडे हौद, त्यांत कमरेएवढी वाळू आणि वर पाणी. ते वाळूतून सावकाश झिरपायचं आणि स्वच्छ होऊन गावाला जायचं. सहा महिने पाण्याची तपासणी चोख निघाली, तर नोकरी कायम होणार होती.

निघताना सासऱ्यांनी कठड्यावर हात ठेवला. "वाळूचं नुसतं नाव आहे, जावईबापू. पाणी साफ करते ती. वाळूवर पडून असते, पण जिवंत आहे. तिला दुखवू नका. ती गेली तर गाव अंथरूण धरेल." एवढं बोलून ते सासूबाईंसह लेकाकडे राहायला गेले.

"ही ती कोण?" जावईबापूंनी घरी विचारलं.

"कुणास ठाऊक. बाबा रोज सकाळी तिच्याशी बोलायचे," बायको कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली. "आईला मुळीच आवडायचं नाही."

दुसऱ्या दिवशी धुकं होतं. एका हौदाच्या मधोमध एक बुडबुडा आला, थांबला, फुटला. जावईबापू चालू लागले. पुढचा बुडबुडा त्यांच्या शेजारी आला. मग तळातून काळपट, केसांसारखं काहीतरी वर तरंगत आलं, जरा वेळ थबकलं आणि पुन्हा खाली गेलं. जावईबापू फाटकाकडे पळत सुटले.

तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी त्यांनी जिवाचा हिय्या करून तो हौद रिकामा केला. वाळूवर तपकिरी, बुळबुळीत कातडं पसरलं होतं. पाय पडताच त्यातून हुस्स असा सुस्कारा आला. जावईबापूंनी डोळे अर्धे मिटून ते फावड्याने खरवडलं, बाहेर फेकलं आणि वाळू ब्लीचिंग पावडरने धुऊन पांढरी शुभ्र केली. हौद पुन्हा भरला. एकही बुडबुडा आला नाही.

सकाळी प्रयोगशाळेतल्या बाई नमुना घ्यायला आल्या. त्यांनी बाटली उजेडात धरली आणि मग वाकून हौदात पाहिलं.

"साय कुठे गेली?"

"कसली साय?"

"वाळूवर जंतूंची साय धरते, दुधावर धरते तशी. पाण्यातली घाण तीच खाते. तुमच्या सासऱ्यांनी सांगितलं नाही?"

सांगितलं होतं. फक्त नाव घेतलं नव्हतं.

"नशीब, हे पाणी अजून गावात सोडलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "आता हा हौद बंद. साय धरेपर्यंत गावाला निम्मं पाणी."

"आणि माझी नोकरी?"

"आधी ती येऊ दे."

तेव्हापासून जावईबापू भल्या सकाळी कठड्यावर ओणवे होतात. एका सकाळी पुन्हा तसंच धुकं होतं. "चुकलो गं बाई," ते पाण्याशी पुटपुटत होते. "तुझ्याशिवाय माझं काही खरं नाही. ये ना परत."

हौदाच्या मधोमध एक बुडबुडा आला, थांबला, फुटला. जावईबापूंना रडूच फुटलं.

मागे फाटकापाशी काहीतरी वाजलं. त्यांनी वळून पाहिलं. जेवणाचा डबा जमिनीवर ठेवलेला होता, आणि बायको पाठ फिरवून आईला फोन लावत होती.