भालूकाकांच्या नेटला ओहोटी

"काका, कसे आहात?" हा प्रश्न आमच्या भालूकाकांना विचारू नये. विचारलात, तर ते चष्मा कपाळावर सरकवतात, खिशातून मोबाइल काढतात, त्यावर एक बोट दाबतात आणि आकडा थांबेपर्यंत तुम्हालाही उन्हात थांबवून ठेवतात. मग गंभीर चेहऱ्याने सांगतात, "सकाळी अठ्ठावीस होतो. आता अकरावर आलोय."

नवखा माणूस घाबरतो. गावातल्या एका हळदीला पाहुण्या आलेल्या डॉक्टरीणबाईंनी तर त्यांना धरून खुर्चीवर बसवलं आणि पाणी पाजलं. त्यांना वाटलं, म्हातारा नाडीचे ठोके सांगतोय. काकांनी पाणी पिऊन घेतलं आणि त्यांनाच विचारलं, "तुमच्याकडे मुंबईला स्पीड किती येतो हो?"

मी या गृहस्थांचा शेजारी. डहाणूच्या किनाऱ्याला, आगरला आमची घरं लागून आहेत, मध्ये फक्त जास्वंदीचं कुंपण. मी तलासरीच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. शिकवतो म्हणजे काय, मुलं वर्गभर आणि चालू मशीन दोन. पण एवढ्या पुण्याईवर गावाने मला नेटचा डॉक्टर ठरवून टाकलाय. कोणाचा प्रिंटर अडला, कोणाच्या टीव्हीवर वर्तुळ फिरायला लागलं, की बोलवा मास्तरला. दिवसभर घसा फोडावा, हायवेला अच्छाडकडून येणाऱ्या ट्रकांचा धूर खात घरी यावं, चहाचा कप तोंडाला लावावा, आणि कुंपणापलीकडून हाक यावी, "मास्तर! तुझ्याकडे किती येतोय?"

"चाळीस, काका."

"माझ्याकडे नऊ! एका खांबावरून दोघांची वायर. बराबर ने? मग हा दुजाभाव कशाला?"

हे 'बराबर ने' त्यांचं पालुपद. चिकूच्या गुजराती व्यापाऱ्यांशी आयुष्यभर घासाघीस करून ते जिभेवर बसलंय. एकदा त्यांनी 'बराबर ने' म्हटलं की आपण मान हलवायची, नाहीतर ते पहिल्यापासून सांगायला लागतात.

काकांनी नेटचं स्वतःचं एक शास्त्र बसवलं होतं. त्यांचं म्हणणं, नेटला भरती-ओहोटी असते. "पाणी उतरलं की स्पीड उतरतो, मास्तर. मी ओटीवर बसून बघतो रोज." मी त्यांना सांगून थकलो की काका, फायबरच्या वायरीतून उजेड जातो, त्याला समुद्राचं काय घेणंदेणं? पण त्यांच्या म्हणण्यात अगदीच तथ्य नव्हतं असंही नाही. होड्या किनाऱ्याला लागल्या, मासळी उतरली, की आगर-धाकटी डहाणूची सगळी वस्ती आंघोळ करून मोबाइल घेऊन आडवी होते, तेव्हा माझ्याकडेही जरा ओढाताण होते. मी हे चुकून त्यांना बोलून दाखवलं. झालं! माकडाच्या हाती कोलीत. त्या दिवसापासून 'आमचा मास्तरही बोललाय' असं ते गावभर सांगत सुटले.

शास्त्राबरोबर सोवळंही आलं. काका स्पीड मोजत असले की सुमनकाकींनी मिक्सर लावायचा नाही. पाहुण्यांनी चप्पल पायरीवर काढायची आणि तिथेच मोबाइलही विमान मोडवर टाकायचा. "तुमचे फोन माझं नेट पितात," हे स्वच्छ तोंडावर सांगायचे. जावयासारख्या मानाच्या पाहुण्यांनाही सोडलं नाही. एकदा सत्यनारायणाला आलेल्या भटजींनी पोथी मोबाइलमध्ये आणली होती. काकांनी त्यांना विमान मोडवर टाकलं आणि पोथी तिसऱ्या अध्यायात अडकली. भटजी पुढचं आठवून आठवून बोलले. प्रसाद मात्र चांगला झाला होता.

रमेश नावाचा आमचा वायरवाला, तो माझ्याइतकाच पिडलेला. आठवड्यातून एकदा तरी त्याला खांबावर चढवलं जायचं. तो वरूनच खात्री करायचा, "काका, लाइट हिरवी आहे ना? मग लाइन ओके आहे!" काका खालून ओरडायचे, "लाइट काय खायची आहे?" प्लॅन वाढवून झाला, वायर बदलून झाली, ओटीवर सावली धरणारी माडाची झापं तोडून झाली. संध्याकाळचा आकडा नऊ आणि अकराच्या मध्ये ठाण मांडून.

आता तुम्ही विचाराल, या माणसाला एवढं नेट लागतं कशाला? तर, कशालाच लागत नाही. ते सिनेमे बघत नाहीत, बातम्या पेपरात वाचतात, चिकूचा भाव फोनवर विचारतात. मोबाइलवर त्यांना येतं एकच, स्पीड मोजणं.

कारण वेगळं होतं, आणि ते सगळ्या आळीला माहीत होतं. काकांचा मुलगा नितीन पुण्याला कंपनीत आहे. सगळं बंद झालं होतं त्या काळात तो बायको-मुलीला घेऊन इथे येऊन राहिला. चांगला वर्षभर राहिला. काकांनी चिकू निवडायचं लांबलचक टेबल धुऊन-पुसून माळ्यावर चढवलं आणि त्याला ऑफिस करून दिलं. नितीन वर इंग्रजीत बोलायचा, खाली काका सगळ्यांना ओठांवर बोट ठेवून गप्प करायचे. नात रिया वाडीत कैऱ्या वेचायची, आणि काकींच्या तव्यावर रोज चार जास्तीच्या भाकऱ्या पडायच्या. मग एक दिवस नितीनने बॅगा भरल्या. निघताना पायरीवर उभं राहून बोलला, "काय करू बाबा, मीटिंगला नेट अडकतं. इथे स्पीड नीट असता ना, तर इथेच राहिलो असतो."

असतो म्हणजे असतो. काकांनी ते वाक्य गाठीला बांधलं. हंगामात चिकूचे ढीग जमिनीवर, ओटीवर, पार न्हाणीच्या दारापर्यंत येतात, गडी पाय कुठे ठेवावा म्हणून कुरकुरतात, पण टेबल खाली यायचं नाही. "नितीन कामाला कशावर बसेल? बराबर ने?"

आणि मी मान हलवायचो. मला ठाऊक होतं की कंपन्यांनी सगळ्यांना परत ऑफिसात बोलावलंय. पण हे काकांना सांगायला माझी जीभ रेटत नव्हती.

मागच्या थंडीत एका रविवारी काकींनी हाक मारली. सिलिंडर संपला होता, गडी जत्रेला गेला होता, आणि काकांची कंबर धरली होती. मी भरलेला सिलिंडर घेऊन पहिल्यांदाच त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो. आमच्याकडे गप्पा ओटीवर, चहा ओटीवर, भांडणंही ओटीवर. शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात जायचं कारणच पडत नाही.

सिलिंडर ठेवून वळलो, आणि बघतच राहिलो. कोपऱ्यात दुभत्याचं कपाट होतं. फ्रिज यायच्या आधी घरोघरी असायचं तसं, चारी बाजूंनी बारीक तारेची जाळी, मांजराने दुधात तोंड घालू नये म्हणून. मुंग्या चढू नयेत म्हणून चारी पाय पाण्याच्या वाट्यांत. आणि आत, जिथे सायीचं पातेलं असायचं तिथे, खाली विणलेला रुमाल अंथरून, राउटर. कडीला चक्क कुलूप.

"काका!" मी ओरडलो. "हे काय आहे?"

काका कमरेला हात लावून आले. "अरे, पहिल्या डब्यात मुंग्यांनी घर केलं. ऊब असते ने आत. दुसऱ्यात पाल मेली. मग बोललो, दुधाला जे चालतं ते याला का नाही चालणार? रमेशने वायरीचं वेटोळं ठेवलंच होतं जास्तीचं. तेव्हापासून एक मुंगी नाही."

"मुंगी नाही बरोबर आहे! तारेच्या जाळीतून स्पीडही बाहेर येत नाही, काका! तुम्ही त्याला पिंजऱ्यात घालून वर विचारताय की बाबा तू धावत का नाहीस!"

इतके महिने! इतके महिने मी ओटीवर बसून समुद्राला, खांबाला, रमेशला दोष देत होतो. रमेशला फोन लावला तर तो शांतपणे बोलला, "बघितलेलं मी, सर. पण काका बोलले, हात लावायचा नाय. मला वाटलं, त्यांचं काय देवाचं असेल." मी कपाळावर हात मारून घेतला. हसू येत होतं आणि रडूही.

राउटर बाहेर काढून मधल्या खोलीत फळीवर ठेवला. काकांनी बोट दाबलं. आकडा चढायला लागला. वीस, पन्नास, सत्तर. ब्याण्णववर थांबला.

कंबर विसरून काका ओटीवर गेले, तिथे मोजलं. विहिरीपाशी गेले, तिथे मोजलं. मग जिना चढून माळ्यावर गेले आणि टेबलावर मोबाइल ठेवून मोजलं. खाली आले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. "मास्तर, टेबलावर अठ्ठ्याऐंशी! लाव, नितीनला लाव. चेहरा दिसेल असा लाव."

एरवी त्यांचा व्हिडिओ कॉल म्हणजे गंमत असायची. चित्र गोठायचं, नितीनचं तोंड अर्धवट उघडं राहायचं, दोन्हीकडून 'आवाज येत नाही, आवाज येत नाही' व्हायचं आणि हसत हसत फोन ठेवला जायचा. त्या दिवशी नितीन लख्ख दिसला. मागच्या भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा वाचता येत होतं.

"नितू, ब्याण्णव!" काका बोलले. "टेबलावर अठ्ठ्याऐंशी. टेबल आहे तसंच आहे हां. या आता."

"अरे वा, बाबा. मस्तच." नितीन हसला. मग थांबला. "पण बाबा, आता ऑफिसला जावंच लागतं रोज. आणि रियाची शाळा आहे, क्लास आहेत..."

"तू बोललेलास, स्पीड असता तर..."

"हो बाबा. ते तेव्हाचं होतं."

चित्र इतकं स्वच्छ होतं की बोलताना त्याने नजर खाली घातली तेही दिसलं. काकांनाही दिसलं. आडवं यायला काही नव्हतं, एक अक्षरही अडकलं नाही. काका पुटपुटले, "बराबर, बराबर. शाळा महत्त्वाची," आणि फोन माझ्या हातात देऊन वाडीत निघून गेले. जाताना 'ने' लावायचं विसरले.

त्यानंतर कुंपणापलीकडून हाक आली नाही. मी घरी यायचो, चहा निवांत प्यायचो. इतके दिवस हेच तर मागत होतो देवाकडे! पण तो चहा काही गोड लागेना. माझे कान सारखे कुंपणाकडे. काका ओटीवर बसलेले दिसायचे, हातात मोबाइल नसायचा. कोणी 'कसे आहात' विचारलं तर नुसतं 'ठीक' बोलायचे. मला खरंच वाईट वाटत होतं. आपण राउटर हलवला आणि या माणसाच्या पायाखालची पायरीच काढून घेतली, असं वाटायचं.

असे बरेच दिवस गेले. मग एका संध्याकाळी, मी हेल्मेट काढत असताना, हाक आली.

"मास्तर! तुझ्याकडे किती येतोय?"

मी हेल्मेट तसंच टाकून धावलो. काका ओटीवर उभे, चष्मा कपाळावर. "अकरा! परत अकरावर आलोय बघ. बघ जरा काय झालं ते."

मी आत गेलो. मधल्या खोलीतली फळी रिकामी होती. स्वयंपाकघरात काकी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी नुसतं कोपऱ्याकडे बघितलं. दुभत्याचं कपाट. आत रुमालावर राउटर, कडीला कुलूप, आणि चारी वाट्यांत ताजं पाणी.

"काल यांनी स्वतः ठेवला," काकी हळूच बोलल्या. "मग नितूला फोन केला. बोलले, नेट परत गेलं रे. तो बोलला, असं का? बघा ना बाबा, मास्तरांना दाखवा. नीट झालं की कळवा, येतो आम्ही." त्यांनी सुपातला खडा काढून बाजूला टाकला. "किती दिवसांनी पोटभर जेवले काल."

मी बाहेर आलो. काका माझ्याकडे बघत होते. आत काय आहे ते मी बघितलंय हे त्यांना कळत होतं, आणि त्यांना कळतंय हे मला.

"होईल ने रे नीट?" त्यांनी विचारलं.

"होईल काका. रविवारी रमेशला चढवू खांबावर." मी खिशातून मोबाइल काढला, विमान मोडवर टाकला आणि पायरीवर चपलेशेजारी ठेवून त्यांच्या बाजूला बसलो.

"ओहोटी आहे ने?" काका बोलले.

वाडीच्या पलीकडे समुद्र पार बांधापर्यंत चढला होता. लाटा आपटत होत्या, त्या आवाजात आम्हाला एकमेकांचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं.

"हो काका," मी जरा मोठ्याने बोललो. "ओहोटीच आहे."